डुप्लिकेट पार्ट गाडीत गेला तर चूक कोणाची, गॅरेजवाल्याची की आपली?

वैभववाडीकर: मंडळी, गेल्या आठवड्यात कोल्हापूरहून करूळ घाटाने खाली उतरत होतो, गाडीत आई आणि दोन पोरं. चौथ्या-पाचव्या वळणाला ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं कडक आणि गाडी मात्र पुढे चाललीये. दुसरा गिअर, मग पहिला टाकून कशीबशी डोंगराच्या अंगाला घेतली, चाकाजवळ जळका वास. ब्रेक पॅड दोनच महिन्यांपूर्वी टाकलेले, बॉक्सवर कंपनीचं नाव, १८०० चे १३०० ला मिळाले म्हणून मीच खूश होतो. खोलून बघितलं तर पॅडच्या थराला चिरा आणि एका बाजूने तो पत्र्यापासून सुटत आलेला, पत्र्यावर पार्ट नंबरच नाही. माझं मत आता पक्कं आहे, ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनचं सामान अधिकृत सेंटर सोडून कुठे घेऊच नये.

कुडाळचो मेस्त्री: दादा, सुखरूप आलात हे महत्त्वाचं. पण सगळ्या गॅरेजना एका काठीने हाणू नका. लोकल आणि डुप्लिकेट या दोन वेगळ्या गोष्टी. जो कारखाना गाडीच्या कंपनीला बेअरिंग पुरवतो तोच बरेचदा आपल्या नावाच्या बॉक्समध्ये कमी भावाने विकतो, तो माल मी स्वतःच्या गाडीला टाकतो. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव चोरलेला माल. आणि गिऱ्हाईकच म्हणतं मेस्त्री, स्वस्तातला टाका, मग आम्ही काय करायचं?

रत्नांग्रीकर: हे नाही पटलं. तुमची नजर तयार असते, आमची नाही, मग जबाबदारी कोणाची जास्त? गिऱ्हाइकाने स्वस्तातला मागितला तर चांगला लोकल द्या ना, खोटं नाव लावलेला का? मी दोन ऑइल फिल्टर कापून शेजारी ठेवले होते. ओरिजिनलमध्ये कागदाच्या घड्या दाट आणि सारख्या, आतलं रबर मऊ. दुसऱ्यात घड्या विरळ, रबर प्लास्टिकसारखं ताठ. ते रबर नीट बसलं नाही की रात्रभरात फिल्टरमधलं ऑइल खाली उतरतं आणि सकाळी स्टार्ट मारल्यावर इंजिन दोन-तीन सेकंद कोरडं खडखडतं. बाहेरून दोन्ही डबे डिट्टो सेम!

देवगडचो झील: तुमचा म्हणणा खरा आसा, पण आमच्या वाडीपासून अधिकृत सेंटरला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, वर लेबर वेगळं. सगळ्यांना कसं परवडेल? गावातला मेस्त्री रात्री अकराला पावसात येऊन गाडी चालू करून देतो, त्याला सोडून जाणं मला तरी जमणार नाही.

चिपळूणकर: मेस्त्री सोडायची गरजच नाही, पार्ट आपण आणायचा. २०२१ च्या जुलैच्या पुरात इथे गाड्या छतापर्यंत बुडाल्या, त्यानंतर मिळेल तो पार्ट टाकून घेतला आणि सहा महिन्यांत व्हील बेअरिंग घुंऽऽ करायला लागलं. तेव्हापासून पार्ट नंबर लिहिलेलं जीएसटी बिल घेतल्याशिवाय पैसे देत नाही, बॉक्सवरचा नंबर आणि पार्टवर कोरलेला नंबर जुळवतो, छपाई फिकट किंवा स्पेलिंग चुकलेलं दिसलं की परत. जुना पार्ट शेजारी धरून वजन बघतो. आणि ओरिजिनलचा रिकामा बॉक्स फाडूनच टाकायचा, कारण तेच बॉक्स गोळा करून त्यात नकली माल भरतात. दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार करा. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा आहे, खोटं नाव लावून विकणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे त्यात.

वैभववाडीकर: माझ्याकडे बिलच नाही हो, चिठ्ठीवर नुसतं "पॅड १३००" लिहून दिलंय. तक्रार कशावर करू?

कुडाळचो मेस्त्री: चिठ्ठी टाकू नका, पैसे ऑनलाइन दिले असतील तर त्याची नोंद काढा, दोन्ही मिळून काहीतरी उभं राहतं. आणि पॅडसोबत ते जिला घासतात ती चाकाची डिस्कही तपासून घ्या, एवढी तापली असेल तर निळी पडलेली दिसेल. रत्नांग्रीकर, तुमचं खोट्या नावाबद्दलचं म्हणणं मान्य, आमच्या लायनीत तसे लोक आहेत. पण दर्यालगतच्या खाऱ्या हवेत ओरिजिनल पण गंजतो, तेव्हा लवकर खराब झालेला प्रत्येक पार्ट डुप्लिकेटच होता असं धरून मेस्त्रीशी भांडायला येऊ नका.

वैभववाडीकर: यूपीआयनेच दिलेत. सोमवारी जुने पॅड पिशवीत घालून दुकानात जातोय.