सोंगटी, गडी की माणूस? नव्या बोर्ड गेम्सच्या निमित्ताने शब्दचर्चा

बदाम सात
दिवाळीत 'कार्कासोन' घेतला. जेवणं झाली की सासरेच खोका काढून बसतात. आयुष्यभर मेंढीकोट आणि तीनशे चार खेळलेला माणूस, त्यामुळे खेळ कळायला वेळ लागला नाही. कुरकुर आहे ती इंग्रजी नियमपुस्तिकेची. "एक पानभर मराठीत लिहून दे, खोक्यातच ठेवू," म्हणाले. लिहायला बसले आणि दुसऱ्या ओळीला अडले.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: 72 चौकोनी तुकडे, प्रत्येकावर रस्ता, तटबंदीचं शहर, मठ किंवा शेत यांचे भाग. आपण एक तुकडा उचलून मांडलेल्या नकाशाला जोडायचा आणि हवं तर त्यावर आपला एक लाकडी मीपल ठेवायचा. हे चिमुकले, हात पसरलेले बाहुले प्रत्येकाला सातच मिळतात (आठवा गुणांच्या पट्टीवर). रस्ता, शहर किंवा मठ पूर्ण झाला की गुण घेऊन मीपल परत हातात येतो.

तर मीपलला काय म्हणायचं? टाईलला काय? आणि टर्नला? ज्यांनी एवढ्यात काही नवीन घेतलंय त्यांनी आपापल्या टेबलावर काय बोलतात ते सांगा. कोशातले शब्द माझ्याकडे आहेत, तोंडातले हवेत.

झब्बू
सोंगटी! यात अडण्यासारखं काय आहे? सारीपाटात सोंगटी, ल्यूडोत सोंगटी, कॅरममध्येही काळ्या-पांढऱ्या सोंगट्याच. लाकडाची, रंगीत आणि बोटाएवढी वस्तू असली की ती सोंगटी.

मी 'अझुल' घेतला. त्याबद्दल सवडीने लिहितो.

दुर्री
झब्बूसाहेब, सारीपाटातली सोंगटी दान पडलं की घरं मोजत पुढे जाते, मरते, पुन्हा बसते. कॅरममधली निदान भोकात तरी जाते. मीपल ठेवला तिथेच राहतो, काम संपलं की घरी. चालत नाही ती सोंगटी कसली?

माझं मत 'गडी'ला. कार्कासोनमध्ये शेतात मीपल आडवा झोपवतात ना? 'शेतावर गडी लावला' यापेक्षा चपखल मराठी मिळायचं नाही. आणि शेतातला गडी खेळ संपेपर्यंत परत येत नाही, म्हणजे सालगडीच झाला की.

बदाम सात
गडी मलाही आवडला होता, लिहूनही पाहिला. वाक्य असं झालं: 'प्रत्येक गड्याने सुरुवातीला आपापले सात गडी घ्यावेत.' सासरे म्हणाले, हुतूतू आहे का हा?

दुर्री
मग खेळणाऱ्याला 'भिडू' म्हणा.

गुलामचोर
भिडू म्हणजे आपल्या बाजूचा. मेंढीकोटात समोर बसतो तो माझा भिडू. शेजारचे दोघे नव्हेत. कार्कासोनमध्ये प्रत्येक जण स्वतःपुरता खेळतो, तिथे भिडू कोण कुणाचा? मुंबईत कुणालाही भिडू म्हणतात हे मान्य, पण पत्त्यांत मुरलेल्या सासऱ्यांसाठी लिहिताय तर त्यांना ते खटकणारच. सरळ 'खेळणारे' लिहा. 'खेळाडू' म्हटलं की मला पांढरे बूट दिसतात.

वऱ्हाडी ठेचा
मावळे म्हणा न जी! सात मावळे घेतले, गड बांधला.

गुलामचोर
नियमांत शहरातला मीपल म्हणजे शिलेदार, तो झाला मावळा, ठीक. मठात बसलेला साधू मावळा कसा? आणि रस्त्यावरचा तर वाटमारी करणारा आहे. मावळ्याला वाटमाऱ्या केलात तर इथून दुसरीच चर्चा सुरू होईल, ठेचाभाऊ.

ऱ्हाईनकाठ
उशिरा आले. ऑक्टोबरात जर्मनीत एसेनला बोर्ड गेम्सचं मोठं प्रदर्शन असतं, तेव्हा आमच्याकडे घरात नवे खोके येऊन पडतात आणि डिसेंबरपर्यंत बोलायलाही फुरसत नसते.

थोडी माहिती. 2000 साली कार्कासोन आला तेव्हा मीपल हा शब्दच नव्हता. जर्मन नियमांत त्यांना गेफोल्ग्सलॉयटं म्हटलं होतं, म्हणजे सरदाराच्या पदरी असलेली माणसं. इंग्रजीत त्याचं 'फॉलोअर' झालं. त्याच वर्षी अमेरिकेत हा खेळ खेळताना एकीच्या तोंडून 'माय पीपल' या दोन शब्दांचं मिळून मीपल निघालं आणि पुढे दुसऱ्या खेळांतल्या बाहुल्यांनाही तेच नाव पडलं. 2001 सालचा 'वर्षाचा खेळ' हा जर्मनीतला मान कार्कासोनला मिळाला, त्यानंतर तो शब्दासकट सगळीकडे पोचला.

म्हणजे आधीच्या जर्मन शब्दात 'माणसं' आणि नंतरच्या इंग्रजी शब्दातही 'माणसं'. आमच्याकडे मुलं मराठीत खेळताना काय म्हणतात? "आई, माझी माणसं संपली." कुणी शिकवलेलं नाही.

बदाम सात
अरेच्चा. सासरेही हेच म्हणतात! "माझा एक माणूस त्या मठात अडकून पडलाय." मी ऐकत होते आणि कागदावर प्यादं, मोहरा, बाहुली लिहून खोडत होते. माणूसच लिहिते.

झब्बू
बरं, माणूस तर माणूस. पण म्हणून सोंगटी मोडीत काढू नका. 'प्रत्येकाने एका रंगाच्या सोंगट्या घ्याव्यात' हे वाक्य उत्तमच आहे. खोक्यात सोंगटी, पटावर गेली की माणूस.

आता अझुल. यात टाईल म्हणजे खरीखुरी टाईल. पोर्तुगीज पद्धतीच्या भिंतीवरच्या फरशांचा खेळ, पाच रंगांच्या प्रत्येकी वीस मिळून शंभर. हाताला इतक्या गुळगुळीत की खेळ न मांडताही पिशवीत हात घालून बसावंसं वाटतं. कार्कासोनचे तुकडे पुठ्ठ्याचे, त्यापुढे हे म्हणजे लिमलेटच्या गोळ्याच. मी यांना फरशी म्हणतो, बायको लादी म्हणते (ती गिरगावची).

मांडवीकाठ
गोव्यातून सांगतो. ह्या फरशांना अझुलेज म्हणतात, खेळाचं नाव त्यावरूनच. पोर्तुगीजमध्ये अझुल म्हणजे निळा. पणजीला फोन्तेन्हासमध्ये घरांच्या नावाच्या पाट्या, नंबर ह्याच फरशांवर बघायला मिळतात. तिथल्याच मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत तर आत शिरल्या शिरल्या भिंतीवर अख्खी चित्रमालिका आहे. तेव्हा अझुलपुरतं फरशी बरोबर. पण कार्कासोनच्या तुकड्यावर रस्ता आणि शेत छापलेलं, त्याला फरशी म्हटलं की जमिनीत जमीन होते. 'तुकडा' काय वाईट आहे? बदाम सात यांनी पहिल्याच पोस्टीत न ठरवता तोच वापरलाय.

झब्बू
पटलं. अझुलमधली अजून एक गंमत सांगतो. ओळीत मावल्या नाहीत तर जास्तीच्या फरशा खाली, फुटलेल्या मालाच्या रांगेत जातात आणि उणे गुण मिळतात; पहिल्या दोनांना एकेक, मग दोन-दोन, शेवटी तीन-तीन. आमच्याकडे याला 'सांडणे' म्हणतात. "तुझ्या तीन सांडल्या, चार वजा." पाणी, दूध सांडावं तशी फरशी सांडते हे व्याकरणाला चालतं का माहीत नाही, टेबलावर चालतं.

सुगरण
आम्ही 'विंगस्पॅन' घेतला. पक्ष्यांचा. पानं 170, प्रत्येकावर पक्ष्याचं चित्र, घरटं, खाणं आणि पंखांची लांबी. 'टर्न'चा प्रश्न आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त छळतो, कारण यात फेऱ्या चार आहेत आणि दर फेरीत टर्न कमी होत जातात: आठ, सात, सहा, पाच. प्रत्येकाचे एकूण सव्वीस. एकच शब्द सगळीकडे वापरला तर नवा माणूस गोंधळतो. घरात झालेलं वाक्य: "हा डाव संपला की पुढच्या डावात सात डाव." झालं का कल्याण!

गुलामचोर
डाव हा शब्दच ओव्हरटाईम करणारा आहे. क्रिकेटचा पहिला डाव, पैलवानाचा डाव, शत्रूचा डाव, विटी-दांडूत हरल्यावर द्यायचा तो डाव, आणि आमटी वाढायचा डाव वेगळाच. माझी वाटणी अशी:

डाव म्हणजे मांडल्यापासून गुण मोजेपर्यंतचा पूर्ण खेळ. 'एक डाव होऊन जाऊ दे.' फेरी म्हणजे सगळ्यांचं एकदा होणं, किंवा खेळात ठरवून दिलेला टप्पा. पाळी म्हणजे आता कोण. खेळी म्हणजे त्याने काय केलं. आणि चाल फक्त तिथे, जिथे काहीतरी एका घरातून दुसऱ्या घरात जातं. बुद्धिबळात चाल आहे. विंगस्पॅनमध्ये पक्षी पानावर बसून राहतो, तिथे चाल नाही, खेळीच.

म्हणजे सुगरणताईंचं वाक्य: 'पहिल्या फेरीत प्रत्येकाच्या आठ पाळ्या, दुसरीत सात.'

सुगरण
बरोबर आहे. पण पंधरा वर्षांची मुलगी आणि तिच्या मैत्रिणी 'आता माझी पाळी' म्हणतात आणि मग पाच मिनिटं खेळ थांबतो. खी-खी संपेपर्यंत.

दुर्री
त्यात काय, हसून झालं की खेळतील. 'नंबर' म्हणा. 'आता माझा नंबर' रेशनच्या रांगेपासून चालत आलंय.

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडे बारी. 'तुयी बारी हाय' म्हटलं की कोणी हसत नाही.

बदाम सात
मी पाळीच ठेवतेय. सासऱ्यांना दुसरा शब्द सुचवला तर ते मलाच मराठी शिकवतील.

सुगरण, पुरवणी घेतलीत का? आशियातल्या पक्ष्यांची 2022 मध्ये आली ती?

सुगरण
घेतली. दोघांना ती मूळ खेळाशिवायही खेळता येते. आणि 'पुरवणी' वाचून फार बरं वाटलं! मी इतके दिवस एक्स्पान्शनला विस्तार म्हणत होते, आणि विंगस्पॅन म्हणजे पंखांचा विस्तार. पंखविस्ताराचा विस्तार. रविवारची पुरवणी, उत्तरपत्रिकेची पुरवणी, तशीच ही. एरवी मूळ आधी हवं, हे त्या शब्दातच आलं.

ऱ्हाईनकाठ
खेळातलं एकेक पान ज्यात घालून ठेवतात त्या प्लास्टिकच्या पिशव्यांना काय म्हणता? आम्ही यंदा सगळ्या घेतल्या. नवरा संध्याकाळी पाळणा हलवावा तसा शांतपणे पानं भरत बसतो.

दुर्री
गवसणी!

गुलामचोर
गवसणी तंबोऱ्याला. उशीला अभ्रा, गादीला खोळ. पानाला खोळ चालेल. गवसणी म्हणायची तर पान निदान मैफलीत नेण्याजोगं हवं.

तसं एक माझ्याकडे आहे. यंदा सावंतवाडीहून दशावतारी गंजिफा आणला. गोल पानं, रंगवून लाखेचं काम केलेली, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, एकूण 120. राजा, वजीर आणि एक ते दहा. अर्ध्या अवतारांत राजा-वजिराखाली दश्शी मोठी, अर्ध्यांत एक्का. हे लक्षात ठेवता ठेवता माझी पहिली संध्याकाळ गेली. सुरुवात दिवसा रामाचा राजा असेल त्याने करायची, रात्री कृष्णाचा राजा असेल त्याने. आता बोर्ड गेमवाले 'जो शेवटचा पक्षी पाहून आला त्याने सुरुवात करावी' असले नियम लिहून स्वतःवर खूश होतात. आमच्याकडे सूर्य बघून ठरत होतं.

मुद्दा असा की गोल पानं पिसता येत नाहीत. कॅट हातात घेऊन सपसप पिसायची सवय असेल तर इथे उपयोग नाही; कापडावर उपडी पसरून कालवायची. कार्कासोनच्या तुकड्यांचंही तेच. तेव्हा पत्ते पिसा, तुकडे कालवा.

झब्बू
वा. आणि 'पँडेमिक'सारखा सगळ्यांनी एकत्र रोगांशी लढायचा असतो त्याला? सहकारी खेळ?

दुर्री
नको! सहकारी म्हटलं की आधी चेअरमन निवडावा लागेल, मग वार्षिक सभा, मग चहा-बिस्किटं.

मांडवीकाठ
चेअरमन असतोच त्यात. एक जण बाकीच्या तिघांच्या खेळ्या सांगत बसतो. पटावरच्या मुंबईत रोग पसरला की आमच्या घरात मोठा भाऊ. इथे मात्र गुलामचोरांचा 'भिडू' बसेल: पँडेमिकमध्ये सगळे एकमेकांचे भिडू.

गुलामचोर
बसेल. मंजूर.

बदाम सात
पान लिहून झालं. एकाच वाक्यावर शंका आहे. एका शहरात दोघांची सारखीच माणसं असतील तर नियमाप्रमाणे दोघांनाही पूर्ण गुण मिळतात. मी लिहिलं, 'बरोबरी झाल्यास गुण दोघांना मिळतील.' सासऱ्यांनी निम्मे-निम्मे लावले आणि माझे सहा गुण गेले.

सुगरण
पेपरात 'पुरस्कार विभागून' वाचायची सवय. 'प्रत्येकाला पूर्ण गुण, विभागणी नाही' असं लिहा.

बदाम सात
लिहिलं. आता म्हणतात, मागच्या डावांचाही हिशेब पुन्हा करू. त्यात त्यांचेही निम्मेच लागले होते.