कॅनडा सिटिझनशिप: टेस्ट झाली, पुढे सगळं ठप्प

मिसिसागाकर: टेस्ट पास होऊन बरेच महिने झाले, अर्जाच्या ऑनलाइन ट्रॅकरवर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन अजून 'इन प्रोग्रेस'च दिसतंय, बाकी सगळ्यावर हिरवी टिकमार्क. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे सांगलीला, जाऊन आलो तर फाईलला काही धक्का लागेल का हो? जीव अगदी टांगणीला लागलाय.

वऱ्हाडी_कॅलगरी: बिनधास्त जा दादा. कॅनडात राहिल्याचे १०९५ दिवस मोजतात ते अर्जावर सही केली त्या तारखेच्या आधीच्या पाच वर्षातले, नंतर बाहेर गेल्याने ते कमी होत नाहीत. फक्त पीआर (कायम रहिवासी) कार्डाची मुदत बघून घ्या, परत विमानात बसताना तेच मागतात, आणि ईमेल रोज उघडा, स्पॅम पण. नागरिकत्वाच्या शपथेला मात्र कॅनडातच असावं लागतं, तारीख जमत नसेल तर लगेच कळवा.

नीलाताई: आईजवळ जाऊन ये रे आधी. आणि निघायच्या आधी जीसीएमएस नोट्स (इमिग्रेशन खात्याच्या सिस्टीममधल्या तुझ्या फाईलच्या नोंदी) मागवून ठेव, प्रायव्हसी ॲक्टखाली मागितल्या तर फी नाही, फाईल नेमकी कुठे अडकलीये ते बऱ्याचदा त्यातून कळतं. नोट्समध्येही काही नसेल तर तुमच्या भागातल्या खासदाराच्या ऑफिसात लेखी दे, ते चौकशी करतात.

मिसिसागाकर: खूप आभार दोघांचे, तिकीट काढतोच. आणि भारतीय पासपोर्टचं काय?

नीलाताई: शपथेपर्यंत तोच वापरायचा. शपथ झाली की भारताचं नागरिकत्व संपतं, मग त्यावर प्रवास अजिबात नको, सरेंडर करून ओसीआयला (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) अर्ज कर.