सरासरी धूर आणि खरा धूर

रणांगणावर शत्रूच्या नजरेआड राहायला सोडलेल्या धुराच्या पडद्याचा कॉम्प्युटरवर अंदाज घ्यायला गॉशियन प्लूम मॉडेल (वाऱ्याबरोबर वाहणारा धूर मधे दाट आणि कडेला घंटेच्या आकारात विरळ होत जातो असं धरणारं गणित) पुरेसं आहे असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. ते मॉडेल काही मिनिटांची सरासरी देतं हो, पण समोरचा गनर सरासरीतून बघत नाही, तो त्या क्षणी धुरात पडलेल्या भोकातून बघतो!

आकडेच घ्या ना. नजरेच्या रेषेत दर चौरस मीटरला सरासरी २ ग्रॅम धूर आणि एक्स्टिंक्शन कोएफिशंट (एक ग्रॅम धूर किती प्रकाश अडवतो त्याचं माप) १.५ चौरस मीटर प्रति ग्रॅम धरला, तर बिअर-लँबर्टच्या नियमाने (धूर वाढेल तसा पार जाणारा प्रकाश घातांकी वेगाने घटतो) जेमतेम ५% प्रकाश पार जातो, म्हणजे पडदा एकदम झकास. आता तोच धूर अर्धा वेळ ४ ग्रॅम आणि अर्धा वेळ शून्य असा आला तर सरासरी तीच, पण पार जाणारा प्रकाश सरासरी ५०%, आणि अर्धा वेळ तर समोरचं सगळं लख्ख दिसतंय. म्हणून टर्ब्युलन्समधले, म्हणजे हवेच्या खळबळीतले, चढउतार धरणारी पफ मॉडेल्स (धूर सुट्या पुंजक्यांत मोजणारी) किंवा एलईएस (लार्ज एडी सिम्युलेशन, हवेतले मोठे भोवरे थेट सोडवणारं गणित) लागतात, भले कॉम्प्युटर तासन्तास घरघरत बसेना का.

आणि फॉस्फरस जाळून केलेल्या धुरासाठी मॉडेलला हवेतली आर्द्रता द्यायला विसरू नका, तो पाणी शोषून फुगतो त्यामुळे कोरड्या हवेत तेवढ्याच मालात पडदा विरळ पडतो. शिवाय पांढरा फॉस्फरस जळताना इतका तापतो की धूर सरळ खांबासारखा वर चढतो आणि खाली सगळं मोकळं, ही उष्णतेची उचल इनपुटमध्ये नसेल तर स्क्रीनवर छान पसरलेला ढग दिसतो आणि मैदानात भलतंच.

थर्मल कॅमेऱ्याचं गणित तर वेगळंच, तो बघतो त्या ८ ते १२ मायक्रॉन तरंगलांबीच्या इन्फ्रारेडला हाच कोएफिशंट बराच खाली येतो, म्हणजे तोच धूर त्याला कमी अडवतो.