वाकळ (गोधडी) शिवताना आतले थर सरकतात, काय करू?

प्रश्न (कराड): आजीची दोन सुती लुगडी वर-खाली घेतलीत, आत जुनी धोतरं. धावदोरा घालत मध्यावर आले की आतलं कापड गोळा होतं. आणि लुगड्याचे काठ कापावेत का?

सांगलीहून: ताई, आधी सतरंजीवर चारी बाजूंनी ताणून अंथरा. वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घाला, मगच कडेपासून चौकोनी फेऱ्या घेत आत या. आई अशीच शिवायची. तिची वाकळ अजून अंथरुणात आहे. आत नायलॉन नको, ते निसटतं. काठ मात्र टाकू नका हो! तेच कडेला लावा, जीव आहे त्यांत.

वाईहून: नवं अस्तर लावणार असाल तर आधी भिजवून वाळवा, नाहीतर धुतल्यावर आटतं.

कराड: दोरा एकेरी की दुहेरी?

सांगलीहून: दुहेरीच.