शाळेतील मुलांच्या हृदयतपासणीसाठी इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप घ्यावा की साधाच पुरेसा आहे?

प्रश्न : सातपुडा

मी नंदुरबार जिल्ह्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करते. अंगणवाड्या आणि शाळा हीच आमची ओपीडी आहे. पत्र्याचे छत, शेजारच्या वर्गात मोठ्याने चाललेले पाढे आणि दाराशी रांगेत उभी असलेली मुले अशा स्थितीत एकेका मुलाच्या छातीवर मला फार तर एक मिनिट स्टेथोस्कोप ठेवता येतो.

गेल्या वर्षी मी नऊ वर्षांच्या एका मुलीची तपासणी केली आणि कार्डावर हृदयध्वनी सामान्य असल्याची नोंद केली. काही महिन्यांनी तिला वारंवार खोकला येतो म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी नेले असता इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) दोन अलिंदांमधील, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील, पडद्याला मोठे छिद्र, म्हणजेच एएसडी, असल्याचे दिसले. तिच्यावर उपचार झाले, ती आता बरी आहे; परंतु माझ्याकडून काय निसटले हा प्रश्न मला सोडत नाही. दोष माझ्या कानाचा होता, खोलीतल्या गोंगाटाचा होता की माझ्या जुन्या साध्या स्टेथोस्कोपचा?

सध्या एक विक्रेता आवाज चाळीस पट वाढवणारा इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप दाखवत आहे. किंमत माझ्या साध्या उपकरणाच्या कित्येक पट आहे आणि ती मी स्वतःच्या खिशातून देणार आहे. तिसरा व चौथा हृदयध्वनी, मंद मर्मर (हृदयातील रक्तप्रवाहाचा जादा आवाज) आणि दुसऱ्या ध्वनीचे विभाजन या गोष्टी या उपकरणाने खरोखर अधिक चांगल्या ओळखता येतात का? ज्यांनी दोन्ही वापरले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : औषधवैद्यक विभागातील एक शिक्षक

मॅडम, आपण त्या मुलीचे उदाहरण दिले हे बरे झाले, कारण आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यातच आहे.

एएसडीमध्ये छिद्रातून आवाज येत नाही. दोन अलिंदांमधील दाबाचा फरक इतका कमी असतो की रक्त तेथून जवळजवळ निःशब्द वाहते. आपल्याला ऐकू येतो तो फुप्फुसधमनीच्या झडपेतून जाणाऱ्या वाढीव रक्ताचा मृदू सिस्टोलिक (हृदय आकुंचन पावतानाचा) मर्मर, छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला, दुसऱ्या व तिसऱ्या बरगडीच्या मधल्या जागेत. हा मर्मर निरोगी, सडपातळ मुलातही ऐकू येऊ शकतो. म्हणून निदानाची खरी खूण दुसऱ्या ध्वनीत शोधावी लागते. निरोगी मुलाने श्वास आत घेतला की महाधमनीची झडप आधी आणि फुप्फुसधमनीची झडप किंचित नंतर मिटते, त्यामुळे दुसरा ध्वनी दुभंगतो. श्वास सोडला की दोन्ही भाग पुन्हा एकत्र येतात. एएसडीमध्ये मात्र हे अंतर रुंद असते आणि श्वासाबरोबर जवळजवळ बदलत नाही.

आता विचार करा. आवाज चाळीस पट वाढवला तरी त्या दोन भागांमधले अंतर तेवढेच राहते. सेकंदाच्या काही शतांश भागाएवढी ती फट कानाने पकडावी लागते, आणि त्यासाठी मोठ्या आवाजापेक्षा शांतता, दोन-तीन श्वासांपुरता वेळ आणि केवळ दुसऱ्या ध्वनीवर लक्ष एकवटण्याची सवय अधिक उपयोगी पडते. आपण एका मिनिटात छातीवरच्या चारही जागा ऐकत असाल, तर त्या मुलीच्या बाबतीत इलेक्ट्रॉनिक उपकरणानेही ही खूण निसटली असती असे मला वाटते. मी हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या पत्र्याच्या खोलीत माझ्याकडूनही ती निसटली असती.

तिसऱ्या आणि चौथ्या ध्वनीची गोष्ट वेगळी आहे. ते अतिशय खालच्या पट्टीतले आवाज असतात आणि माणसाचा कान नेमका त्याच पट्टीत मंद असतो, त्यामुळे तेथे आवाज वाढवण्याचा लाभ खरोखर होतो. माइट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) अरुंद झालेल्या रुग्णाचा डायस्टोलमधला, म्हणजे हृदय सैल होतानाचा, घरघरता मर्मरही याच पट्टीतला. परंतु माझ्या वॉर्डातले विद्यार्थी हे आवाज चुकवतात ते बहुधा बेल (स्टेथोस्कोपच्या तोंडाची वाटीसारखी बाजू) चुकीची धरल्यामुळे. बेल त्वचेवर केवळ टेकवायची असते. ती दाबली की तिच्याखालची त्वचा ताणून स्वतःच डायफ्रॅमसारखी (तोंडाच्या दुसऱ्या बाजूच्या ताणलेल्या पातळ पडद्यासारखी) वागू लागते आणि खालच्या पट्टीतला आवाज गळून जातो. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, हृदयाच्या टोकाचा ठोका बोटाने शोधून, नेमकी त्यावर बेल अलगद ठेवली तर साध्या उपकरणानेही हा मर्मर ऐकू येतो. याउलट महाधमनीच्या झडपेची गळती असेल तर मर्मर वरच्या पट्टीतला, फुंकर घातल्यासारखा असतो. त्यासाठी रुग्णाला पुढे वाकवून बसवावे, श्वास पूर्ण सोडून रोखायला सांगावे आणि डायफ्रॅम घट्ट दाबावा.

कानाच्या शिक्षणाबद्दलही एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निवासी डॉक्टरांना रुग्णांचे ध्वनिमुद्रित हृदयध्वनी ऐकवण्यात आले आणि त्यांना त्यांपैकी साधारण २० टक्केच अचूक ओळखता आले. तेथे गोंगाट नव्हता, घाई नव्हती, आवाजही स्पष्ट होता. ऐकू येणे आणि ओळखता येणे यांत किती अंतर आहे हे त्यावरून कळते. म्हणून मी विद्यार्थ्यांना एकच मर्मर शेकडो वेळा ऐकायला लावतो, एखादी बंदिश घोटावी तसा.

उत्तर २ : ध्वनी-अभियंता, पुणे

मी वैद्यकीय उपकरणांच्या ध्वनिमापनाचे काम करतो, त्यामुळे रुग्णाविषयी न बोलता केवळ उपकरणाविषयी लिहितो.

साध्या स्टेथोस्कोपमध्ये वीज नाही. डायफ्रॅमची कंपने हवेच्या नळीतून कानापर्यंत जातात एवढेच. मात्र ही नळी सर्व स्वर सारखे पोहोचवत नाही. काही पट्ट्या तिच्यात घुमतात, काही दबतात. आपण ज्याला हृदयाचा आवाज म्हणून ओळखायला शिकलो तो या नळीने रंगवलेला आवाज असतो. इलेक्ट्रॉनिक उपकरणात डायफ्रॅममागे मायक्रोफोन किंवा दाबाने वीज निर्माण करणारा स्फटिक असतो आणि त्यातून येणारा आवाज वेगळ्या रंगाचा असतो. त्यामुळे नवे उपकरण घेतल्यावर पहिले काही आठवडे ओळखीचा पहिला ध्वनीसुद्धा परका वाटतो. दोन्ही उपकरणांची तुलना पहिल्याच दिवशी केली तर जुने जिंकते, ते या कारणाने.

आता ‘चाळीस पट’ या आकड्याविषयी. ध्वनिदाबाच्या मोजमापात चाळीस पट म्हणजे सुमारे ३२ डेसिबल. आकडा मोठा आहे, परंतु उपकरण हृदयाबरोबर श्वासाचा, सदऱ्याच्या घर्षणाचा आणि थंडीने थरथरणाऱ्या स्नायूंचा आवाजही तितकाच वाढवते. खरे महत्त्व हृदयध्वनी आणि बाकीचा गोंगाट यांच्यातील प्रमाणाला आहे. बाहेरचा गोंगाट कमी करणारी यंत्रणा असलेली उपकरणे शेजारच्या वर्गातले पाढे बऱ्याच अंशी दाबू शकतात आणि आपल्या कामात त्यांचा हा गुण सर्वाधिक उपयोगी ठरेल. छातीच्या आतून येणारा किंवा डायफ्रॅम सरकल्याने होणारा आवाज मात्र ती यंत्रणा दाबू शकत नाही. डायफ्रॅम थेट त्वचेवर, स्थिर हाताने ठेवणे इलेक्ट्रॉनिक उपकरणात अधिकच आवश्यक होते.

या उपकरणांतील ‘बेल’ आणि ‘डायफ्रॅम’ ही बटणे केवळ गाळण्या आहेत. बेलची गाळणी साधारण २० ते २०० हर्ट्झचा भाग पुढे आणते, डायफ्रॅमची त्याहून वरचा. तुलना करताना दोन्ही उपकरणे एकाच मुलावर, एकाच जागी, एकाच गाळणीच्या अर्थाने वापरावीत. इलेक्ट्रॉनिकची बेल आणि साध्याचा डायफ्रॅम असे ऐकून निष्कर्ष काढू नये.

एक सावधगिरी मला विशेष आग्रहाने सांगायची आहे. काही जण हे उपकरण ब्लूटूथ हेडफोनला जोडून ऐकतात. ब्लूटूथमुळे आवाज कानापर्यंत पोहोचायला सेकंदाचा एक-दोन दशांश किंवा त्याहूनही अधिक उशीर होऊ शकतो. आपण एका हाताने मानेवरची नाडी धरून मर्मर सिस्टोलमधला की डायस्टोलमधला हे ठरवत असाल, तर एवढ्या उशिराने सगळे गणित उलटे होते, कारण लहान मुलांमध्ये सिस्टोलच सेकंदाच्या साधारण तीन दशांश भागाएवढे असते. नाडीशी मेळ घालायचा असेल तेव्हा तारेच्या किंवा नळीच्या इयरपीसनेच ऐकावे.

आणि नवे काही घेण्यापूर्वी जुन्या स्टेथोस्कोपचे इयरपीस तपासून पाहा. त्यांची रबरी टोके कानात नीट बसत नसतील आणि हवा गळत असेल, तर सर्वांत आधी खालच्या पट्टीतला आवाज नाहीसा होतो. भेगा पडलेली नळीही हेच करते.

उत्तर ३ : निवृत्तीनंतरही दवाखाना चालवणारा डॉक्टर

माझे वय ७१ आहे आणि मी दोन्ही कानांत श्रवणयंत्र वापरतो. साधा स्टेथोस्कोप लावायचा तर श्रवणयंत्र काढावे लागते, आणि ते काढले की मला मंद मर्मर ऐकू येत नाही. चार वर्षांपूर्वी इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप घेतला आणि मोठ्या हेडफोनमधून ऐकू लागलो. त्यामुळे मी आजही रुग्ण तपासू शकतो, म्हणून या उपकरणाविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे.

परंतु पहिल्या काही महिन्यांत माझ्याकडून एक चूक वारंवार झाली. शाळकरी मुलांत पूर्वी कधी जाणवला नव्हता असा मर्मर मला अनेकांमध्ये ऐकू येऊ लागला आणि मी तीन मुलांना इकोसाठी शहरात पाठवले. तिन्ही मुलांचे हृदय निरोगी निघाले. एका मुलाच्या वडिलांनी त्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवली होती. ते मला फार लागले. तो निर्दोष मर्मर होता, तंतुवाद्याच्या तारेसारखा, छातीच्या हाडाच्या डाव्या खालच्या कडेला, आडवे झाल्यावर वाढणारा आणि उभे राहिल्यावर कमी होणारा. तेव्हापासून मर्मर ऐकू आला की मी मुलाला आधी झोपवून आणि मग उभे करून ऐकतो. गळ्याखाली सतत गुणगुण ऐकू आली तर मानेची शीर हलके दाबून किंवा मुलाला आडवे करून पाहतो. गुणगुण थांबली तर ती शिरेतली असते. मात्र मर्मर डायस्टोलमध्ये असेल, कर्कश असेल, हाताला थरथर लागत असेल किंवा दुसरा ध्वनी दुभंगलेलाच राहत असेल, तर वाट न पाहता पुढे पाठवावे.

सातपुडा

तिघांचेही मनापासून आभार. इयरपीस तपासले, उजव्या बाजूचे रबर खरोखरच कडक होऊन चिरले होते. किती दिवसांपासून ते तसे होते कोणास ठाऊक, या विचाराने अस्वस्थ झाले. अजून एक शंका आहे. इलेक्ट्रॉनिक उपकरणाने ध्वनी मुद्रित करून मोबाइलवरून हृदयरोगतज्ज्ञांना पाठवता येतो. जिल्ह्याचे ठिकाण गावापासून तीन-चार तासांवर असताना याचा उपयोग कितपत होईल?

उत्तर १ : औषधवैद्यक विभागातील एक शिक्षक

मॅडम, माझ्या मते आपल्या परिस्थितीत खर्च करण्याचे हेच सर्वांत सबळ कारण आहे. साध्या स्टेथोस्कोपने ऐकलेले आपल्याच कानात राहते. मुद्रित ध्वनी दुसऱ्याला ऐकवता येतो, पडद्यावर त्याचा आलेख पाहता येतो आणि सहा महिन्यांनी त्याच मुलाच्या नव्या ध्वनीशी ताडून पाहता येतो. आलेखावर दुसऱ्या ध्वनीचे दोन भाग डोळ्यांना दिसतात, आणि ज्यांचा कान अजून तयार होत आहे त्यांना याची फार मदत होते. पाठवताना प्रत्येक जागेवरचे किमान पंधरा सेकंद मुद्रित करावेत, म्हणजे श्वासाची दोन-तीन आवर्तने त्यात येतील. जागा कोणती, मूल बसलेले की झोपलेले, गाळणी कोणती हे सोबत लिहावे; त्याशिवाय ऐकणाऱ्याला काही ठरवता येत नाही. मुलाचे नाव पाठवू नये आणि पालकांची परवानगी घ्यावी.

मात्र मुद्रणात काही ऐकू आले नाही म्हणून लक्षणे असलेल्या मुलाचा इको टाळू नये. कंबोडिया आणि मोझांबिक येथील साडेपाच हजारांहून अधिक शाळकरी मुलांची तपासणी करून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ शारीरिक तपासणीने जितक्या मुलांत संधिवाताच्या तापामुळे झालेला झडपांचा आजार सापडला, त्याच्या सुमारे दहापट मुलांत तो इकोने सापडला. सुरुवातीच्या अवस्थेतील झडपेची गळती पुष्कळदा कोणत्याच स्टेथोस्कोपला ऐकू येत नाही. सांधे सुजून ताप आल्याचा इतिहास, धाप, वजन न वाढणे, वारंवार छाती भरणे यांपैकी काही असेल तर कान काहीही सांगो, मुलाला पुढे पाठवावे.

सातपुडा

सर, त्या मुलीला वारंवार खोकला येत असल्याचे तिच्या आईने मला तपासणीच्या वेळी सांगितले होते. मी ते कार्डावर लिहिलेही होते, परंतु त्याचा हृदयाशी संबंध जोडला नाही.

सध्या रबर बदलून घेतले आहे. पथकातील सहकारी डॉक्टर निम्मा खर्च उचलायला तयार आहेत, तेव्हा दोघांत मिळून एक इलेक्ट्रॉनिक उपकरण घेऊ आणि शंका आलेल्या मुलांचेच ध्वनी त्यावर मुद्रित करू. पुढच्या आठवड्यातील शाळेच्या मुख्याध्यापकांना आजच फोन करून दार लावता येईल अशी एक खोली मागितली आहे. त्यांनी पोषण आहाराच्या धान्याची खोली रिकामी करून देण्याचे कबूल केले आहे.