लोकगीतांचा अल्बम स्वतः काढताना नाव आणि हक्क कोणाचे लिहावेत?

लालबागची गाणारी

नमस्कार. मी गेली बारा वर्षे गात आहे. सुरुवात आमच्या चाळीतल्या भजनी मंडळापासून झाली. पुढे नवरात्रात एका गोंधळी पार्टीबरोबर संबळाच्या साथीने उभी राहू लागले आणि गेली काही वर्षे स्वतः लिहिलेली, स्वतः चाली लावलेली गाणी लहान सभागृहांतून सादर करते. आता आठ गाण्यांचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित करून तयार आहे आणि त्याचा सगळा खर्च मी कार्यक्रमांच्या मानधनातून, दोन वर्षे पैसे बाजूला टाकून केला आहे.

आठांपैकी सहा गाण्यांचे शब्द आणि चाल माझी आहे. सातव्याचे शब्द माझे असले तरी चाल गोंधळाची आहे; पार्टीच्या प्रमुखांकडून ती मी शिकले. आठवे गाणे म्हणजे माझ्या आजीच्या ओव्या. आजी लग्न होऊन सातारा जिल्ह्यातून गिरणगावात आली. दहा बाय बाराच्या खोलीतही तिने डाळी भरडण्यापुरते लहान जाते ठेवले होते आणि त्यावर बसली की ती माहेरच्या ओव्यांबरोबर गिरणीच्या भोंग्याच्या, पाळीच्या आणि संपाच्या ओव्याही म्हणत असे. मामाने त्या एका कॅसेटवर उतरवून ठेवल्या होत्या. मूळ आवाजाची घरघर राहावी म्हणून मी तेच जाते स्टुडिओत नेऊन वाजवले आहे.

एका संगीत कंपनीने अल्बम प्रसिद्ध करण्याची तयारी दाखवली आहे; मात्र करारात सर्व गाण्यांचे सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमस्वरूपी त्यांच्याकडे जातील आणि आजीच्या गाण्यापुढे ‘पारंपरिक’ असे लिहिले जाईल, असे म्हटले आहे. सही करावी, की अल्बम स्वतःच काढावा? शिवाय लोकपरंपरेतल्या गाण्यांवर स्वतःचे नाव लिहिण्याचा आग्रह धरणे योग्य आहे का, हा संकोचही मनातून जात नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ढोलकीवाला काका

ताई, मी कॅसेटच्या काळात पंधरा-वीस वर्षे ढोलकी वाजवली आहे, म्हणून आधी मीच लिहितो. त्या काळी गाणे विकले जाई ते एकरकमी. सकाळी स्टुडिओत जायचे, संध्याकाळपर्यंत आठ गाणी संपवायची, कोऱ्या व्हाउचरवर सही करून पाकीट घ्यायचे आणि घरी यायचे. ज्या गीतकाराबरोबर मी सर्वांत जास्त काम केले, त्यांची गाणी 6 डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलांवर दिवसभर मोठ्याने वाजत असत आणि ते स्वतः त्याच गर्दीत उभे राहून ऐकत असत. कॅसेटच्या कव्हरवर त्यांचे नाव नसे आणि पुढच्या आवृत्तीचा एक पैसाही त्यांना मिळत नसे. त्यांच्या मुलांकडे आज एकही कागद नाही, त्यामुळे ती गाणी वडिलांची आहेत हे त्यांना सिद्धच करता येत नाही. तुम्ही सही करण्यापूर्वी विचारता आहात, याचे मला फार समाधान वाटले.

एक वाजवणाऱ्याची गोष्टही सांगतो. अल्बममध्ये दिमडी असेल तर सगळी गाणी पुन्हा एकदा सलग ऐका. पावसाळ्यात दिमडी शेकून स्टुडिओत नेली की पहिला टेक खणखणीत लागतो, पण गाणे लांबले तर कातडे हळूहळू उतरते आणि शेवटच्या कडव्यात तुमचा काळी चारचा सूर एकीकडे आणि दिमडी दुसरीकडे अशी अवस्था होते. हे नंतर संगणकावर नीट करता येत नाही. तेवढा भाग पुन्हा वाजवून घेण्यात कमीपणा मानू नका.

कागदपत्रे पाहणारा

संगीतविषयक करार तपासणे हे माझे रोजचे काम आहे. एका गाण्यात शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा असे तीन वेगळे हक्क असतात, हे प्रथम लक्षात घ्यावे. ध्वनिमुद्रणासाठी जो पुढाकार आणि जबाबदारी घेतो तो कायद्याने निर्माता ठरतो. खर्च आणि व्यवस्था तुमची असल्यामुळे स्वतःच्या सहा गाण्यांचे तिन्ही हक्क आज तुमच्याकडे आहेत आणि ते जाणार असतील तर तुमच्या लेखी सहीनेच जातील.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेली दुरुस्ती तुमच्यासारख्यांच्या फार उपयोगाची आहे. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटा कंपनीला लिहून देता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. तो केवळ वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे जाऊ शकतो. शिवाय कायद्यात आधीपासूनच अशी तरतूद आहे की हस्तांतरणाची मुदत करारात लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो आणि घेतलेला हक्क कंपनीने एका वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळे काही नसल्यास, तो संपुष्टात येतो. याच कारणासाठी कंपन्या ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द आवर्जून घालतात. कंपनीची साथ हवीच असेल तर हक्क विकू नका, दोन-तीन वर्षांचा परवाना द्या आणि तेवढ्यावर ती तयार नसेल तर वितरकामार्फत अल्बम स्वतः प्रसिद्ध करा. दोन्ही परिस्थितींत गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचे, सभासदत्व घ्या. गायिका म्हणून मिळणाऱ्या रॉयल्टीचे काम गायकांची स्वतंत्र संस्था पाहते. गाणे बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा त्याची स्वतंत्र ओळख पटवणारा क्रमांक मिळाला आहे का, हेही वितरकाला विचारून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब त्या बारा अक्षर-अंकांवर चालतो.

सातव्या गाण्यापुढे ‘शब्द’ म्हणून तुमचे नाव, ‘चाल: पारंपरिक’ आणि ज्यांच्याकडून शिकलात त्यांचे नाव, असे तिन्ही लिहावे.

ओवी गोळा करणारी

मला आजीच्या गाण्याविषयीच बोलायचे आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही की ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे. ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली या सगळ्या बाया पुसल्या गेल्या असत्या.

तुमच्या आजीच्या बाबतीत तर प्रश्न आणखी स्पष्ट आहे. माहेरच्या वाटेच्या ओव्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या असतील, परंतु गिरणी कामगारांचा संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला; त्या संपाची ओवी त्या दिवसाच्या आधी कोणाच्याही तोंडी असणे शक्य नाही. ती कोणीतरी रचली आणि ते कोणीतरी तुमच्या घरात जात्याचा खुंटा धरून बसलेले असण्याची शक्यता मोठी आहे. चाळीतल्या दुसऱ्या एखाद्या बाईचीही असू शकेल, म्हणून आजीच्या बरोबरीच्या कोणी हयात असतील तर त्यांना आताच विचारा. ओवी आजीचीच असेल तर तिचा हक्क सगळ्या वारसांचा होतो, तेव्हा मामा आणि मावशी यांची लेखी संमती घ्या.

नाव लिहिण्याच्या संकोचाविषयी म्हणाल, तर आपल्या परंपरेत रचनेच्या शेवटी नाव घालण्याची रीत फार जुनी आहे. जनाबाई दळता-कांडताना ‘म्हणे जनी’ असे म्हणून अभंग पुरा करते, शाहीर पोवाड्याच्या अखेरीस आपली नाममुद्रा उमटवतात आणि वामनदादा कर्डकांच्या कितीतरी गीतांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. ते नाव काढून टाका, म्हणजे रचनाच अपुरी होते.

लालबागची गाणारी

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, मनःपूर्वक आभार. काका, तुमचा प्रतिसाद वाचून तिसरे गाणे पुन्हा ऐकले; शेवटच्या कडव्यात दिमडी खरोखरच उतरली आहे, ती पुढच्या आठवड्यात पुन्हा वाजवून घेते. कंपनीला परवान्याचा प्रस्ताव पाठवला आहे आणि नकार आला तर अल्बम स्वतः काढण्याचे ठरवले आहे.

आजीविषयी मावशीला फोन केला. संपाच्या तीन ओव्या आजीच्याच आहेत, पण भोंग्याची ओवी शेजारच्या खोलीतल्या मावशींनी जोडली होती आणि दोघी ती आळीपाळीने म्हणत असत, असे तिने सांगितले. ही गोष्ट मला आजवर ठाऊक नव्हती. त्या शेजारच्या मावशींची मुलगी डोंबिवलीला असते, तिचा पत्ता मिळवला आहे. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी मावशीला कॅसेट पुन्हा ऐकायची आहे. रविवारी ती घेऊन तिच्याकडे जाते आणि येताना डोंबिवलीला उतरते.