ईशापूरची .३१५ : जुनाट हाय, पण चालते

भाऊ, तुम्ही म्हणलात की ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल जुनाट झाली, तेवढ्या पैशात काय उपयोग. जुनाट तर हायच, अ‍ॅक्शन (गोळी भरायची-उडवायची यंत्रणा) सगळी ली-एनफिल्ड या इंग्रजांच्या जुन्या लष्करी रायफलीची, .३०३ हे लष्करी बोअर (नळीचं माप) सिव्हिलियनला मिळत नव्हतं म्हणून ही ८ एमएमची काढली. पण त्याच्यामुळंच टिकते ना. आमच्या काकांची अंबाजोगाईकडं शेतावर कैक वर्षं हाय, बोल्ट (गोळी भरायला मागं-पुढं ओढायचा दांडा) अजून गुळगुळीत चालतो, पावसाळ्यात तेलाचा बोळा फिरवला की झालं. फिनिशिंग म्हणाल तर लाकूड ओबडधोबड, ट्रिगर जड, त्याची आशाच ठेवू नका.

काकांना त्रास झाला तो स्कोपचा (नेमाच्या दुर्बिणीचा), एका दुकानदारानं ती धरायचा भलताच माउंट बसवून दिला अन् दोन-चार राउंडला ढिल्ला. काढून टाकला, उघड्या साइटवरच भागतं, ज्वारीच्या वावरात कुठं लय लांब मारायचंय.

खरा खर्च काडतुसाचा हाय, आधी जवळपास मिळतात का ते बघा. अन् शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, म्हणून तुमच्या नावावर आधीच दोन असतील तर विषयच संपला. रानडुकरासाठी घेत असाल तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते, नुसत्या लायसनवर नाही जमत.